पेशींना जोडणारी प्रथिने आणि ऊतींचा बॅरिअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतडे, मूत्रपिंडाच्या नलिका, त्वचा, मेंदूतल्या केशवाहिन्या या सगळ्यांचे अस्तर पेशींचे असते. पेशीच्या आतून काय जाईल हे तिचे पटल ठरवते. दोन पेशींच्या फटीतून काय जाईल हे त्या फटीतली प्रथिने ठरवतात. खालचे प्रश्न या फटीच्या वाटेबद्दल आहेत. काही प्रश्न अभ्यासकांचे आहेत, काही रुग्णांचे, आणि शेवटचे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्यांचे.

शेजारच्या दोन पेशींमध्ये कोणकोणते सांधे असतात?

मर्लिन फार्क्वार आणि जॉर्ज पलाडे यांनी १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या सांध्यांचा क्रम नीट मांडला आणि तो आजही तसाच शिकवला जातो. पोकळीच्या बाजूला, अगदी वर, टाइट जंक्शन. त्याच्या लगेच खाली ॲडेरेन्स जंक्शन. त्याखाली ठिकठिकाणी डेस्मोसोम. पहिले दोन पेशीभोवती सलग फिरतात, डेस्मोसोम मात्र सुटे असतात.

तिघांची कामे वेगळी आहेत. टाइट जंक्शनमध्ये दोन पेशींची पटले एकमेकांना टेकतात आणि फट जवळपास मिटते. ॲडेरेन्स जंक्शनमध्ये १५ ते २० नॅनोमीटर जागा असते; तिथे ई-कॅडहेरिन दोन पेशींना धरून ठेवते आणि आतल्या बाजूने कॅटेनिन प्रथिनांमार्फत ॲक्टिनच्या तंतूंना जोडलेले असते. डेस्मोसोममध्ये डेस्मोग्लीन आणि डेस्मोकॉलिन असतात, आणि ते आतून केराटिनच्या (हृदयात डेस्मिनच्या) तंतूंना बांधलेले असतात. म्हणून त्वचा आणि हृदय अशा सतत ताण झेलणाऱ्या ऊतींत डेस्मोसोम भरपूर सापडतात. चौथे गॅप जंक्शन. ते कनेक्सिनचे बनते, पण बॅरिअरशी त्याचा थेट संबंध नाही. एका पेशीतून दुसरीत लहान रेणू जाऊ देणे हे त्याचे काम.

फट प्रत्यक्ष बंद करणारे प्रथिन कोणते?

क्लॉडिन. १९९३ मध्ये जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने ऑक्लुडिन शोधले, तेव्हा हेच ते प्रथिन असे वाटले होते. पण ऑक्लुडिनचे जनुक काढून टाकलेल्या पेशींतही टाइट जंक्शन व्यवस्थित बनली. १९९८ मध्ये त्याच गटाने क्लॉडिन-१ आणि क्लॉडिन-२ शोधली. ज्या फायब्रोब्लास्ट पेशींत टाइट जंक्शन मुळात नसतात, त्यांत क्लॉडिन घातल्यावर पटलात टाइट जंक्शनसारखे धागे तयार झाले. तिथे वाद मिटला.

क्लॉडिन लहानसे प्रथिन आहे, बहुतेक प्रकारांचे वजन २० ते २७ किलोडाल्टनच्या आसपास. ते पटलातून चार वेळा आरपार जाते, त्यामुळे बाहेर दोन वळसे राहतात. पहिला वळसा मोठा. त्यावर धनभारित अमिनो आम्ले आहेत की ऋणभारित, यावर फटीतून कोणते आयन जातील हे ठरते. एकाच पटलातली क्लॉडिन शेजारी-शेजारी लागून धागा बनवतात आणि समोरच्या पेशीतल्या धाग्याला चिकटतात. सस्तन प्राण्यांत क्लॉडिनचे सत्तावीसच्या आसपास प्रकार आहेत.

इतके प्रकार कशाला?

सगळा विषय या प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडे थांबू. क्लॉडिन म्हणजे दोन विटांमधला चुना असे समजले तर इतक्या प्रकारांचा उलगडा होत नाही. काही क्लॉडिन वाट बंद करतात, काही मुद्दाम वाट ठेवतात, आणि प्रत्येक अवयव आपल्या गरजेनुसार त्यांचे मिश्रण करतो.

कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या एमडीसीके पेशींच्या दोन जाती आहेत. पहिलीचा थर विजेला फार रोधतो, दुसरीचा बराच कमी. दुसरीत क्लॉडिन-२ असते, पहिलीत नसते. २००१ मध्ये पहिल्या जातीच्या पेशींत फक्त क्लॉडिन-२ घातले तेव्हा रोध सुमारे वीस पटींनी उतरला. धागे होते तसेच राहिले. प्रथिन वाढूनही थर गळका झाला. कारण क्लॉडिन-२ सोडियमसारख्या धन आयनांसाठी अरुंद छिद्र बनवते, ज्याचा व्यास सुमारे ०.६५ नॅनोमीटर भरतो.

मूत्रपिंडातील हेन्लेच्या वळशाच्या जाड चढत्या भागात क्लॉडिन-१६ आणि क्लॉडिन-१९ मिळून मॅग्नेशियम आणि कॅल्शियम परत रक्तात घेण्याची वाट तयार करतात. यांपैकी एकाचे जनुक बिघडले की दोन्ही धातू लघवीवाटे जातात: रक्तातले मॅग्नेशियम उतरते, मूत्रपिंडात कॅल्शियम साचते, मुलाला खडे होतात आणि पुढे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. क्लॉडिन-१९ च्या बिघाडात डोळ्यांचे दोषही दिसतात. लहान मुलात मूत्रपिंडात कॅल्शियम साचलेले असेल आणि रक्तातले मॅग्नेशियम कमी असेल, तर या आजाराचा विचार व्हायला हवा.

मेंदूतल्या केशवाहिन्यांत क्लॉडिन-५ चे राज्य आहे. ते नसलेल्या उंदरांत रक्तवाहिन्या दिसायला सुरळीत होत्या, रक्तस्रावही नव्हता. पण सुमारे ८०० डाल्टनपेक्षा लहान रेणू मेंदूत शिरू लागले आणि पिल्ले जन्मल्यावर काही तासांतच मेली. त्वचेत क्लॉडिन-१ नसलेली पिल्ले अंगातले पाणी बाष्प होऊन उडाल्याने एका दिवसात मरतात. अंतर्कर्णात क्लॉडिन-१४ बिघडले की जन्मजात बहिरेपण येते.

म्हणजे थर जितका घट्ट तितका चांगला, असे नाही का?

नाही. लहान आतड्यात ग्लुकोज सोडियमच्या सोबतीनेच आत घेतले जाते. एवढे सोडियम फक्त जेवणातून पुरत नाही. ते फटीवाटे परत पोकळीत येत राहावे लागते आणि ही परतीची वाट क्लॉडिन-२ व क्लॉडिन-१५ देतात. दोन्ही नसलेली उंदराची पिल्ले दूध पिऊनही कुपोषणाने मरतात. त्यांचे आतडे घट्ट होते, आणि तोच घात झाला. ओआरएसमध्ये ग्लुकोज आणि सोडियम सारख्याच प्रमाणात, प्रत्येकी लिटरला ७५ मिलिमोल, ठेवण्यामागे हीच जोडी आहे.

झेडओ-१ चे काम काय?

झेडओ-१ हे प्रथिन पेशीच्या आत, पटलाला लागून असते. क्लॉडिनची शेपटी त्याला एका बाजूने धरते आणि दुसऱ्या बाजूने ते ॲक्टिनला जोडलेले असते. झेडओ-१ आणि झेडओ-२ दोन्ही काढून टाकली तर पेशी क्लॉडिन बनवतात, पण त्याचे धागे योग्य जागी उभे राहत नाहीत.

तीन पेशी जिथे मिळतात त्या कोपऱ्याचे काय?

तिथे दोन पेशींचे धागे सरळ जुळत नाहीत, उभी नळीसारखी जागा उरते. ती ट्रायसेल्युलिन आणि अँग्युलिन प्रथिने मिटवतात. ट्रायसेल्युलिन २००५ मध्ये सापडले. मोठे रेणू गळत असतील आणि क्लॉडिन ठीक दिसत असेल, तर या कोपऱ्यांकडे बघा. बहुतेक जण बघत नाहीत.

आतड्याच्या पेशी सतत झडतात. मग भोके का पडत नाहीत?

आतड्याचे अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत बदलते, म्हणजे पेशी अखंड गळत असतात. एखादी पेशी जाणार असली की तिच्याभोवतीच्या पेशी ॲक्टिन आणि मायोसिनचे कडे आवळतात. तिला वर ढकलले जात असताना टाइट जंक्शन तिच्या बाजूंवरून खाली सरकत जाते आणि शेजारी तळाशी एकमेकांना भिडतात. पेशी पूर्ण सुटते तेव्हा खालचा सांधा आधीच तयार असतो. जळजळीत हा क्रम कोलमडतो: एका वेळी जास्त पेशी सुटतात आणि शेजाऱ्यांना जागा भरायला वेळ मिळत नाही.

सूज किंवा जळजळ असताना थर गळका का होतो?

दोन वेगळ्या कारणांनी, आणि ती एकात मिसळू नयेत. इंटरल्युकिन-१३ आणि टीएनएफ ही जळजळीचा संदेश देणारी प्रथिने आहेत. इंटरल्युकिन-१३ मुळे पेशी क्लॉडिन-२ जास्त बनवतात. त्याने आयन आणि पाण्याची अरुंद वाट वाढते. टीएनएफमुळे मायोसिनचे आकुंचन घडवणारे एमएलसीके हे एन्झाइम वाढते, ऑक्लुडिन पटलावरून आत ओढले जाते, आणि मोठ्या रेणूंची वाट उघडते. पहिलीला पोअर मार्ग म्हणतात, दुसरीला लीक मार्ग. पेशी मरून थर फाटला तर तिसरीच गत होते: तिथे जंतूही आत येतात आणि सांध्यांच्या प्रथिनांचा काही उपयोग उरत नाही.

पेम्फिगस याच सांध्यांचा आजार आहे का?

होय, त्वचेवर आणि तोंडात फोड आणणारा हा आजार डेस्मोसोमचा आहे. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये शरीर डेस्मोग्लीन-३ विरुद्ध प्रतिपिंडे बनवते, पुष्कळदा डेस्मोग्लीन-१ विरुद्धही. तोंडाच्या आतल्या त्वचेची भिस्त मुख्यतः डेस्मोग्लीन-३ वर असते, म्हणून बहुतेक रुग्णांत आधी तोंडात न भरणारी जखम होते आणि अंगावर फोड नंतर येतात. महिनोन्महिने तोंड आले म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू राहतात आणि निदान लांबते. तोंडातली जखम काही आठवड्यांत भरत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावेच.

पेम्फिगस फोलिएशियसमध्ये फक्त डेस्मोग्लीन-१ वर हल्ला होतो. ते त्वचेच्या वरच्या थरात जास्त, त्यामुळे फोड उथळ असतात आणि तोंड वाचते. तान्ह्या बाळांना स्टॅफिलोकोकसमुळे भाजल्यासारखी कातडी निघण्याचा जो आजार होतो, त्यात जंतूचे विष नेमके डेस्मोग्लीन-१ कापते. जागा तीच, म्हणून फोडही तसेच उथळ आणि तोंड तसेच शाबूत.

तपासणीतली एक चूक वारंवार होते. डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्ससाठीचा (त्वचेत अडकलेली प्रतिपिंडे चमकवून दाखवणारी तपासणी) तुकडा फोडाच्या शेजारच्या धड त्वचेतून घ्यावा आणि तो फॉर्मॅलिनमध्ये कधीही टाकू नये. प्रतिपिंडे टिकवणाऱ्या मिशेल माध्यमात पाठवावा. फॉर्मॅलिनमध्ये गेला की प्रतिपिंडांची चमक जाते, अहवाल निगेटिव्ह येतो आणि रुग्णाला पुन्हा सुई-टाके सोसावे लागतात.

उपचारांत भारताचा वाटा मोठा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फमाइडची पल्स पद्धत (ठरावीक अंतराने मोठा डोस) रुजवली आणि देशभर हजारो रुग्णांना ती दिली गेली. अमेरिकेत २०१८ मध्ये रिटुक्सिमॅबला या आजारासाठी मान्यता मिळाली आणि आता भारतातही त्याचा वापर होतो.

जंतू टाइट जंक्शनवर हल्ला करतात का?

करतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सचे विष थेट क्लॉडिन-३ आणि क्लॉडिन-४ ला चिकटते. मोठ्या पातेल्यात शिजवलेले मटण तासन्तास कोमट राहिले की हा जंतू वाढतो. पंगतीनंतरच्या जुलाबाचे हे नेहमीचे कारण. अन्न लवकर थंड करावे आणि वाढण्याआधी वाफ निघेपर्यंत तापवावे.

'लीकी गट'ची (गळक्या आतड्याची) रक्ततपासणी करून घ्यावी का?

आमचे मत स्पष्ट आहे: करू नये. सीलिअ‍ॅक आजारात (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर बिघडते), क्रोन्समध्ये (आतड्याची दीर्घकाळची जळजळ), वेदनाशामक गोळ्या बराच काळ घेतल्यावर आतड्याची पारगम्यता वाढते हे खरे. पण झोन्युलिन (टाइट जंक्शन सैल करते असे मानले जाणारे प्रथिन) मोजतो म्हणून विकली जाणारी अनेक किट्स प्रत्यक्षात दुसरीच प्रथिने पकडतात असे तपासात दिसले आहे. त्या आकड्यावर पथ्य किंवा पावडरी ठरवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. झोन्युलिनचा परिणाम रोखेल अशा आशेने सीलिअ‍ॅकसाठी बनवलेल्या लाराझोटाइड या औषधाची तिसऱ्या टप्प्यातली चाचणीही २०२२ मध्ये थांबवावी लागली.

संशोधनात लॅक्टुलोज-मॅनिटॉल चाचणी वापरतात. दोन्ही साखरा प्यायला देऊन पुढच्या काही तासांची लघवी गोळा करतात. मॅनिटॉल १८२ डाल्टनचे, लॅक्टुलोज ३४२ चे. दोघांचे गुणोत्तर पारगम्यता सांगते. गटांची तुलना करायला ती ठीक आहे, पण एका माणसाचे निदान तिच्यावर करू नये. पोट सतत बिघडत असेल तर मूळ आजार शोधायचा. सीलिअ‍ॅकमध्ये गहू-बार्ली काटेकोर बंद केल्यावर अस्तर बहुतेकांत हळूहळू सावरते.

क्लॉडिनवर औषध आहे का?

जठराच्या कर्करोगासाठी झोल्बेटुक्सिमॅब आहे. २०२४ मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. ते क्लॉडिन-१८.२ ला चिकटते. निरोगी जठरात हे प्रथिन सांध्यात दडलेले असते, गाठीत पेशींची रचना विस्कटली की उघडे पडते. निरोगी जठरातही ते असल्याने मळमळ आणि उलट्या हा मोठा त्रास ठरतो. औषध देण्याआधी गाठीत हे प्रथिन पुरेसे आहे का, हे तपासावे लागते.

कॅल्शियम काढले की पेशी सुट्या का होतात?

ई-कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागात पाच खंड असतात आणि दोन खंडांमधल्या प्रत्येक सांध्यात तीन कॅल्शियम आयन बसतात, एकूण बारा. ते असले की रेणू ताठ राहतो आणि समोरच्याला धरतो. ते काढले की लुळा पडतो. कॅडहेरिन सुटले की मागोमाग क्लॉडिनही जागा सोडते.

यावरच कॅल्शियम-स्विच प्रयोग उभा आहे. पूर्ण भरलेला एमडीसीके थर घ्या, कॅल्शियम नसलेल्या पीबीएसने (फॉस्फेटचे खारे द्रावण) दोनदा धुवा, मग कॅल्शियम पकडून ठेवणारे ईजीटीए २ ते ४ मिलिमोलर द्या आणि दर पाच मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पेशी गोल होऊ लागल्या की थांबा; पुढे ठेवल्या तर तळ सोडून तरंगतात आणि प्रयोग संपतो. नंतर १.८ मिलिमोलर कॅल्शियमचे नेहमीचे माध्यम द्या. रोध काही तासांत परततो, अनेकदा आधी नेहमीपेक्षा वर जाऊन मग स्थिरावतो. वर गेलेला आकडा पाहून औषधाचा गुण आला असे समजू नका. न हाताळलेला कंट्रोल थर शेजारी ठेवा. रात्रभर कमी कॅल्शियमवर ठेवायचे असेल तर सीरम डायलाइझ केलेलेच हवे, कारण साध्या सीरममधून कॅल्शियम परत येते.

टीईईआर (थराच्या आरपार विजेला होणारा रोध) नीट कसे मोजायचे?

कॅको-२ या माणसाच्या आतड्याच्या पेशींसाठी १२ मिलिमीटरचे, ०.४ मायक्रोमीटर छिद्रांचे इन्सर्ट (तळाशी सच्छिद्र पडदा असलेले कप) घ्या. छिद्रे ३ मायक्रोमीटरची असली तर पेशी खालून पलीकडे उतरतात. चौरस सेंटिमीटरला सुमारे एक लाख पेशी, वर ०.५ मिलिलिटर आणि खाली १.५ मिलिलिटर माध्यम, दर दोन दिवसांनी बदल, आणि २१ दिवस धीर. माध्यम काढताना पिपेटचे टोक पडद्याला लागले तर तिथेच ओरखडा उठतो.

मोजण्याआधी प्लेट इनक्युबेटरबाहेर पंधरा-वीस मिनिटे ठेवा. माध्यम निवत असताना रोध चढत जातो, त्यामुळे घाईत मोजलेल्या प्लेटमध्ये पहिले आणि शेवटचे कप्पे वेगळे दिसतात आणि तो फरक औषधाचा वाटतो. इलेक्ट्रोड उभा धरा: लांब पाय बाहेर, तळाला टेकलेला, आखूड पाय आत, पडद्याला न लागता. प्रत्येक इन्सर्टला तीन ठिकाणी मोजा. पेशी नसलेला पण तसाच लेप आणि तेच माध्यम असलेला इन्सर्ट रिकामे माप म्हणून लागतोच.

समजा रीडिंग ५२० ओम आले आणि रिकाम्याचे १२०. फरक ४००, क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर, म्हणून उत्तर ४४८ ओम·चौरस सेंटिमीटर. इथे गुणायचे असते. पुष्कळ जण भागतात. हाच थर ०.३३ चौरस सेंटिमीटरच्या लहान इन्सर्टमध्ये असता तर रिकामे माप वजा करून १,३५८ ओम दिसले असते. म्हणून नुसते ओम छापलेला तक्ता वाचकाला काहीच सांगत नाही. कॅको-२ मध्ये काहीशे ओम·चौरस सेंटिमीटर नेहमीचे, पण पेशींचा पॅसेज (त्या कितव्यांदा नव्या भांड्यात हलवल्या) आणि प्रकार बदलला की आकडा हलतो. स्वतःच्या जुन्या नोंदींशी ताडा.

टीईईआर उत्तम आहे, तरी रंग खाली का उतरतो?

टीईईआर फक्त आयनांची वाट मोजते. मोठ्या रेणूंची वाट वेगळी, म्हणून एक आकडा पुरत नाही. ४५७ डाल्टनचा लुसिफर यलो हा चमकणारा रंग सोबत वापरा. फिनॉल रेड नसलेल्या एचबीएसएसमध्ये (क्षारांचे द्रावण) १०० मायक्रोमोलर वरून द्या, ३७ अंशांवर एक तास, अंधारात. वर सांगितलेल्या १२ मिलिमीटरच्या इन्सर्टच्या मापाने खाली ०.२ मायक्रोमोलर सापडले तर एकूण ०.३ नॅनोमोल, म्हणजे दिलेल्यापैकी ०.६ टक्के उतरला. पारगम्यता गुणांक सेकंदाला सुमारे ७.४ × १०⁻⁷ सेंटिमीटर येतो, थर ठीक आहे.

एफआयटीसी-डेक्स्ट्रान (एफआयटीसी हा चमकता रंग जोडलेली मोठी साखर) वापरत असाल तर आधी त्यातला सुटा एफआयटीसी काढा. जुन्या बाटलीत तो बराच असतो आणि तोच लहान रेणू खाली जाऊन 'डेक्स्ट्रान गळला' असे भासवतो.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (पेशीतले एकूण प्रथिन जेलवर मोजण्याची पद्धत) क्लॉडिन तेवढेच, मग थर का बिघडला?

एकूण प्रथिन तेवढेच असले तरी ते सांध्यावर असेल असे नाही. आत ओढलेले क्लॉडिनही ब्लॉटमध्ये मोजले जाते. म्हणून इम्युनोफ्लुओरेसन्स हवेच, आणि उभा छेद दिसेल असा झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या प्रतिमांचा संच) घ्या. अनेक क्लॉडिन प्रतिपिंडे पॅराफॉर्मल्डिहाइडनंतर नीट चिकटत नाहीत. उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये पाच-दहा मिनिटे स्थिर करून पाहा.

ब्लॉटमध्ये पट्टी वर अडकलेली दिसली तर नमुना उकळला होता का ते विचारा. पटलातून अनेकदा जाणारी प्रथिने उकळल्यावर गोळा होतात. नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून चालवा. आणि ट्रायटन एक्स-१०० ने फोडलेल्या पेशींचा गाळ फेकू नका. सांध्यात पक्के बसलेले क्लॉडिन त्या डिटर्जंटमध्ये विरघळत नाही, ते गाळातच जाते. विरघळलेला भाग आणि गाळ दोन्ही शेजारच्या लेनमध्ये चालवले, की प्रथिन नाहीसे झाले आहे की फक्त जागा सोडून गेले आहे, हे त्याच जेलवर दिसते.